गाडीच्या काचांवर आतून बसलेला सिगारेटचा थर: काय लावावं, कसं पुसावं?

मानेवाडा_रिंगरोड:
मंडळी, मदत हवी आहे. सेकंड हॅण्ड हॅचबॅक आहे. आधी तिच्यात काचा लावून, एसी चालू ठेवून रोज सिगारेट ओढली जायची. समोरच्या काचेला आतून पिवळसर तपकिरी झाक आहे. दिवसा सावलीत काच स्वच्छ वाटते, पण रात्री नागपूरच्या वर्धा रोडवर समोरून हेडलाइट आला की अख्खी काच दुधाळ होते. निळं ग्लास क्लीनर आणि वर्तमानपत्र वापरून झालं. पट्टे उमटले, आणि गाडी दोन दिवस उन्हात उभी राहिल्यावर झाक परत आली. मागच्या काचेला डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारांच्या, रेषा आहेत, मागच्या दारांच्या काचांना आतून फिल्म आहे. काय लावावं, किती, कोणत्या क्रमानं, हे नीट सांगा जी.

रसायन_सदर:
आधी काचेवर काय बसलंय ते बघू, म्हणजे क्लीनर कशामुळे फसलं ते कळेल. धुरातून दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ काचेवर येतात. पहिलं निकोटीन. ते पाण्यात सहज विरघळतं, हवा लागून तपकिरी पडतं आणि अल्कलीसारखं वागतं. त्यामुळे थोडं आम्ल मिळालं की त्याचा क्षार बनतो आणि तो पाण्याबरोबर निघतो. दुसरं टार, म्हणजे चिकट तेलकट भाग. पाण्याला ते दाद देत नाही, त्याला साबण किंवा अल्कोहोल लागतं.

तिसरी भर गाडी स्वतःच घालते. डॅशबोर्डचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतात. ऊन लागलं की ते हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतात आणि समोरच्या काचेवर बसतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो, त्यामुळे आपल्याकडे सिगारेट न ओढणाऱ्याच्या गाडीतही हा तेलकट पडदा असतोच. ओढणाऱ्याच्या गाडीत टार त्याच पडद्यात रुतून बसतं.

झाक परत येण्याचं कारणही उन्हातच आहे. छताचं कापड, सीटचा फोम, बेल्ट यांत निकोटीन मुरलेलं असतं. दिवसा तापल्यावर ते हवेत येतं. रात्री काच सगळ्यांत आधी थंड होते आणि ते तिच्यावर जमतं. म्हणून नुसत्या काचा पुसून हा प्रश्न सुटत नाही.

धंतोली_डिटेलिंग:
रसायन दादांनी कारण सांगितलं, मी हातातलं काम सांगतो.

सामान असं जमवा. ४० बाय ४० सेंटिमीटरचे मायक्रोफायबर कापडाचे ८ तुकडे. त्यांतले ५ साधे, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) आसपासचे, आणि ३ आखूड लवेचे किंवा जाळीदार विणीचे, जे काचेसाठी म्हणून मिळतात. फवाऱ्याच्या दोन बाटल्या. भांडी घासायचं लिक्विड. आयसोप्रोपिल अल्कोहोल. पांढरं व्हिनेगर, रंग नसलेलं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. नायट्रिलचे हातमोजे. एक टॉर्च.

पहिली बाटली साबणाची: १ लिटर कोमट पाण्यात लिक्विडचे ४ ते ५ थेंब, त्याहून जास्त नाही. साबण वाढला की काचेवर साबणाचाच पडदा राहतो आणि मग तो काढण्यात दोन फेऱ्या जातात. दुसरी बाटली अर्ध्या लिटरची: अल्कोहोल ९९ टक्क्यांचं मिळालं तर ते २४० मिली, डिस्टिल्ड पाणी २४० मिली, व्हिनेगर १५ मिली म्हणजे एक मोठा चमचा. मेडिकलमध्ये बहुतेक ७० टक्क्यांचं मिळतं. ते असेल तर अल्कोहोल ३५० मिली, पाणी १३५ मिली आणि व्हिनेगर तेवढंच. दोन्ही मिश्रणांत अल्कोहोल निम्म्याच्या आसपास येतं. यापेक्षा तीव्र केलं तर ते आपल्या उन्हाळ्यात काचेवर टिकतच नाही, टार सुटायच्या आत उडून जातं.

आता काम. गाडी सावलीत, चारही दारं उघडी, इंजिन बंद. काचेला हाताची मागची बाजू लावून बघा. ती गार लागली तरच सुरू करा. मेमध्ये याचा अर्थ सकाळी ७ च्या आत किंवा झाकलेल्या पार्किंगमध्ये.

कापडाची दोनदा घडी घाला, म्हणजे ८ कोऱ्या बाजू मिळतात. फवारा कापडावर मारायचा, काचेवर नाही. काचेवर मारलेलं पाणी ओघळून डॅशबोर्डच्या खाचेत, स्पीकरच्या जाळीत आणि दाराच्या स्विचमध्ये जातं. समोरच्या काचेचे मनानं चार भाग करा. एका भागाला साबणपाण्याचे ३-४ फवारे मारलेलं कापड लावून अर्धा मिनिट नुसतं ओलं ठेवा, मग वरून खाली सरळ ओढा. गोल गोल फिरवू नका, त्यात सुटलेलं टार परत पसरतं. कापडाची बाजू चहासारखी तपकिरी झाली की लगेच उलटा. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. एकाच बाजूनं सगळी काच पुसली तर थर फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

साबणाची फेरी संपली की ओल्या साध्या कापडानं साबण काढा, मग अल्कोहोलच्या मिश्रणाची फेरी. हिच्यात दर भागाला २ फवारे पुरतात आणि ओल वाळायच्या आत दुसऱ्या हातातलं कोरडं जाळीदार कापड फिरलं पाहिजे. जाड थर असेल तर अल्कोहोलच्या दोन फेऱ्या लागतात. शेवटचं कोरडं कापड पांढरं घ्या. ते पांढरंच राहिलं तर काच झाली.

एक सवय लावून घ्या: आतून उभं पुसायचं, बाहेरून आडवं. मग पट्टा दिसला की तो आतला की बाहेरचा, हे दिशेवरून कळतं.

इतवारी_पार्ट्स:
वर्तमानपत्राबद्दल एवढंच सांगतो. कागद पाणी शोषतो, पण तेल पकडून ठेवत नाही. शिवाय शाई काचेच्या कडेच्या रबरी बीडिंगला आणि फिकट रंगाच्या छताला लागते, ती निघत नाही. जुनं बनियन, टर्किश टॉवेल हेही नको. त्यांत कपड्यांच्या कंडिशनरचा अंश असतो, तोच काचेवर उतरतो.

गोकुळपेठ_ताई:
७० टक्क्यांचं अल्कोहोल जवळ नसेल आणि घरात सॅनिटायझरची बाटली असेल तर चालेल का?

रसायन_सदर:
नाही ताई. जेलमध्ये दाटपणा आणणारा पदार्थ आणि ग्लिसरीन असतं, काचेवर चिकट थर राहतो. पातळ सॅनिटायझरमध्येही बहुधा ग्लिसरीन असतंच. सर्जिकल स्पिरिट घ्यायचं असेल तर बाटलीवरचे घटक वाचा, कारण काहींत तेल मिसळलेलं असतं. थिनर आणि पेट्रोल यांना तर हात लावू नका. थिनरनं डॅशबोर्डचं प्लास्टिक आणि रबर चिकट होतं, पेट्रोल तेलकट डाग सोडतं आणि बंद जागेत पेट घेतं. आपलं अल्कोहोलचं मिश्रणही ज्वलनशील आहे, म्हणून दारं उघडी आणि जवळपास पेटती काडी, उदबत्ती काही नको.

आणखी एक, हे मोठ्या अक्षरात वाचा. व्हिनेगर लावलेल्या जागी ब्लीच किंवा ब्लीचवालं फ्लोअर क्लीनर लावायचं नाही. क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियावालं ग्लास क्लीनर एकत्र आलं तर क्लोरामीन निघतं. गाडीची केबिन एवढीशी असते, तिथे हे फार लवकर छातीत जातं.

कामठीरोड_कॅब:
व्हिनेगरची खरंच गरज आहे का? नुसत्या अल्कोहोलनं काच निघते की.

रसायन_सदर:
थर पातळ असेल तर निघते. जाड पिवळ्या थरात मात्र फरक दिसतो, कारण आम्लामुळे निकोटीनचा क्षार पाण्यात राहतो आणि कापडात जातो, काचेवर परत बसत नाही. दुसरा फायदा पाण्याच्या क्षाराचा. शेवटच्या फेरीत कडक पाण्याचा अंश राहिला असेल तर तोही यात सुटतो. पण १५ मिलीच्या ठिकाणी १०० मिली घातल्यानं काम लवकर होत नाही, गाडीत नुसता आंबट वास कोंडतो.

बोअरवेल_बेसा:
पाण्याचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण आपल्याकडे यावरच अर्ध्या काचा खराब होतात. बोअरचं पाणी कडक असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाच्या फेरीला ते वापरलं तर साबण नीट काम करत नाही आणि वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. कन्हान-पेंच नद्यांचं, नागपूरच्या नळाला येणारं पाणी त्या मानानं बरं, धुण्याच्या फेरीला ते चालतं. पण अल्कोहोलच्या बाटलीत डिस्टिल्डच घाला. आरओचं पाणी घ्यायचं झालं तर टीडीएस मीटरनं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरनं, बघा. ५० च्या आत असेल तर चालेल, २०० असेल तर काही उपयोग नाही.

आणि बाहेरच्या बाजूचे ठिपके आतल्या धुराच्या झाकेत मिसळून बघू नका. काचेच्या बाहेरून नखानं खरवडल्यावर खरखर लागली तर तो क्षार आहे. त्याला व्हिनेगर निम्मं, पाणी निम्मं, कापड भिजवून ५ मिनिटं चिकटवून ठेवायचं. आतल्या धुराला हा उपाय लागत नाही.

धंतोली_डिटेलिंग:
आता मूळ प्रश्नातल्या दोन नाजूक काचा.

मागची काच. डिफॉगरच्या त्या तपकिरी रेषा काचेच्या आतल्या बाजूला भाजून बसवलेल्या असतात, वर कसलंही आवरण नसतं. कापड रेषांच्या दिशेनंच न्यायचं, म्हणजे इथे आतूनही आडवं. वर दिलेला उभ्याचा नियम या काचेला लागू नाही. ब्लेड, स्टील वूल, मॅजिक स्पंज, नखं काहीही नको. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांवर वायरीच्या पिना झाळलेल्या असतात. तिथे कापड अडकून ओढलं गेलं की पिन निघते आणि अख्खा डिफॉगर बंद पडतो. एखादी रेषा तुटलीच तर चांदीचा अंश असलेला वीजवाहक रंग मिळतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मधे तो भरायचा.

फिल्मवाली काच. फिल्म आतून लावलेली असते, म्हणजे आपण काच पुसत नसून प्लास्टिक पुसत असतो. अमोनिया असलेलं क्लीनर फिल्मचा रंग उडवतं, तिला जांभळट करतं, कडा सोडवतं. तुमच्या निळ्या क्लीनरचं लेबल वाचा. अल्कोहोलही इथे अर्धंच: तयार मिश्रणात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला आणि कडेपासून एक बोट आत राहून पुसा. ओल कडेतून आत गेली की गोंद सुटतो. बहुतेक वेळा फिल्मवर नुसत्या साबणपाण्याच्या तीन फेऱ्यांनी काम होतं, तेच आधी करून बघा.

कामठीरोड_कॅब:
फिल्मचा विषय निघालाच आहे तर: समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. ज्यांची फिल्म त्याहून काळी आहे त्यांनी धुराचा थर घासत बसण्यापेक्षा ती काढूनच टाकावी. गरम हवेच्या ड्रायरनं कोपरा सैल करून हळूहळू ओढा, राहिलेला गोंद साबणपाणी आणि प्लास्टिकच्या स्क्रॅपरनं. मागच्या काचेवर स्क्रॅपरही नको, डिफॉगर आहे.

हिंगणा_एमआयडीसी:
राजेहो, सगळे काचेवरच बोलताहेत. क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून तेवढं लिहितो.

काचेची साबणाची फेरी आधी करा, पण शेवटची अल्कोहोलची फेरी सगळ्यात शेवटी ठेवा. मधे छत, खांबांची कव्हरं, सन व्हायजर, डॅशबोर्ड, दाराचे पॅड, सीट बेल्ट आणि एसी. छताचं कापड फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं. ते भिजवलं तर गोंद सुटतो आणि कापड खाली लोंबतं. म्हणून फेस करायचा: ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ ब्रशनं नुसता फेस लावून लगेच कोरड्या मायक्रोफायबरनं टिपायचा. घासायचं नाही. एका वेळी एक हातभर जागा, आणि शेवटपर्यंत जायचं. मधेच थांबलं तर पाण्याची कड उमटते आणि ती धुराच्या डागापेक्षा वाईट दिसते. सन व्हायजरची मागची बाजू कुणी पुसत नाही आणि सगळ्यात पिवळी तीच असते.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून क्लॅम्प लावा, साबणपाण्यानं पुसून बाहेरच वाळू द्या. ओला बेल्ट आत गेला की वास धरतो. ब्लीच, अल्कोहोल बेल्टला नाही. त्याच्या धाग्यावर जीव अवलंबून असतो.

एसी: काचा बंद करून, आतली हवा फिरवत ओढलेल्या सिगारेटचा धूर सगळा बाष्पीभवन कॉइलवरून गेलेला असतो. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो धुवायचा नाही, बदलायचा. फिल्टर काढलेल्या जागेतून कॉइलचा फोम क्लीनर सोडा, १५ ते २० मिनिटं थांबा, मग बाहेरच्या हवेवर ब्लोअर फुल करून १० मिनिटं चालवा. पाणी निचऱ्याच्या नळीतून खाली पडायला हवं. पडलं नाही तर नळी तुंबली आहे, आधी ती मोकळी करा, नाहीतर ते पाणी पायाखालच्या मॅटमध्ये येतं. ही पायरी वगळली तर डिफ्रॉस्टर चालू केल्याबरोबर जुना थर वाऱ्याबरोबर थेट समोरच्या काचेवर येतो, आणि लोक म्हणतात काच नीट पुसली नव्हती.

महाल_गल्ली:
डॅशबोर्ड पुसल्यावर चमकीचं पॉलिश मारायचं का?

हिंगणा_एमआयडीसी:
नका मारू बाप्पा. चमकीचं पॉलिश बहुतेक सिलिकॉनचं असतं. उन्हात तापलं की त्याचा अंश काचेवर जातो आणि सिलिकॉनचा पडदा टारपेक्षाही चिवट. पाणी लागलं की तो इंद्रधनुषी दिसतो. शिवाय चमकणारा डॅशबोर्ड दुपारी समोरच्या काचेत उमटतो. मॅट फिनिशचं, पाण्यावर आधारलेलं मिळतं, तेही कापडावर घेऊन पातळ हात.

गोकुळपेठ_ताई:
मीटरच्या कन्सोलवरही तोच पिवळा थर आहे. तिथे कुठलं मिश्रण?

धंतोली_डिटेलिंग:
तिथे अल्कोहोल अजिबात नाही ताई. मीटरवरचं झाकण काच नसतं, पारदर्शक प्लास्टिक असतं. अल्कोहोलनं त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात, लगेच नाही दिसल्या तरी उन्हात दिसतात. टचस्क्रीनलाही हेच. साबणाचा एक थेंब घातलेलं डिस्टिल्ड पाणी, पिळलेलं मायक्रोफायबर, बोटाचा दाब नाही, आणि लगेच कोरडं. आतला आरसा रात्री आपोआप काळा होणारा असेल तर कडेनं पाणी आत जाऊ देऊ नका, कापडच ओलं करा.

मिहान_नाइटशिफ्ट:
माझ्याकडून समोरच्या काचेचा खालचा कोपरा, जिथे डॅशबोर्ड आणि काच एकमेकांना मिळतात, तो कधीच निघत नाही. हात जातच नाही. आणि रात्री सगळी चमक तिथूनच येते.

धंतोली_डिटेलिंग:
ड्रायव्हरच्या सीटवर बसून तो निघणारच नाही, स्टिअरिंग आडवं येतं. डाव्या सीटवर बसा, सीट पूर्ण मागे, आणि उजव्या कोपऱ्यापर्यंत डावा हात न्या. तळहात काचेकडे ठेवला तर मनगट डॅशबोर्डला अडतं. हात उलटा करा: हाताची मागची बाजू काचेला, बोटं खालच्या फटीकडे, कापड बोटांवर ताणलेलं. मग बोटांची टोकं त्या तिरप्या जागेत जातात आणि दाबही सारखा पडतो. याशिवाय तिकोनी डोक्याचं, लांब दांड्याचं काच पुसायचं हत्यार मिळतं. त्यावर नेहमी कोरं कापड चढवा, सोबत आलेलं बोनेट जाड असतं आणि ओल सोडत राहतं. डॅशबोर्डवर आधी कोरडा टॉवेल पसरवून घ्या. त्या फटीत डिफ्रॉस्टरचं तोंड असतं, त्यात पाणी नको.

आरशाच्या मागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर त्याचं कव्हर स्वतः काढू नका. सेन्सर आणि काच यांच्यामधे जेलचा पातळ थर असतो, तो सुटला की वायपर वेडेवाकडे चालतात. कव्हरच्या कडेपर्यंत पुसा, पुढचं सर्व्हिस सेंटरवर.

फुटाळा_पहाट:
दाराच्या काचांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. काच पूर्ण वर असताना पुसली तर वरची बोटभर पट्टी रबरात लपलेली राहते. काच तीन बोटं खाली करा, आधी ती कड पुसा, मग पूर्ण वर करून बाकीची. आणि खाली जिथे काच दारात शिरते तिथल्या बीडिंगला आतून मखमलीसारखी लव असते. टार त्या लवेत साठलेलं असतं. काच लख्ख करून दोनदा खाली-वर केली की उभे तपकिरी ओरखडे दिसतात, ते तिथूनच. जुन्या एटीएम कार्डाला पातळ मायक्रोफायबर गुंडाळून, साबणपाण्यात भिजवून पिळून, त्या फटीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओढा. कापड स्वच्छ येईपर्यंत. मग काच तशीच खाली ठेवून लव तासभर वाळू द्या. ओली असताना काच वर केली तर धूळ चिकटते.

मानेवाडा_रिंगरोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. साबणाच्या आणि अल्कोहोलच्या फेऱ्या झाल्या, छत आणि एसीही झालं. रात्रीची चमक गेली. फक्त समोरच्या काचेच्या उजव्या कडेला हातभर लांब दुधाळ डाग राहिला आहे, कितीही पुसलं तरी कापड पांढरंच येतं. अजून जोरात घासायचं का?

इतवारी_पार्ट्स:
नाही, थांबा. कापड पांढरं येतंय म्हणजे काचेवर काही नाही. समोरची काच दोन काचांची असते, मधे प्लास्टिकचा पापुद्रा. जुन्या गाडीत कडेनं ओल शिरली की तो पापुद्रा काचेपासून सुटतो आणि तिथे दूध सांडल्यासारखं दिसतं. नख फिरवलं तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे गुळगुळीत लागेल. त्याला क्लीनर नाही, काच बदलणं हाच इलाज. नजरेच्या समोर नसेल आणि पसरत नसेल तर घाई नाही, पण वायपरच्या कक्षेत येत असेल तर बदला.

दुसरी शक्यता वायपरच्या ओरखड्यांची. रात्री टॉर्च तिरपा धरून बाहेरून बघा. वायपर फिरतो त्याच कमानीत बारीक रेषा दिसल्या तर तो आतल्या धुराचा दोष नाही.

आणि उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, एसीचा गार झोतही एकदम काचेवर सोडू नका. खडा लागून कुठे टिकलीएवढी चीर असेल तर ती त्या एका झटक्यात काचभर पळते.

मिहान_नाइटशिफ्ट:
डिसेंबर-जानेवारीत पहाटे काच आतून लवकर धुकते, त्याचा या थराशी संबंध आहे का?

रसायन_सदर:
आहे. वाफेला थेंब धरायला काहीतरी टेकू लागतो. स्वच्छ काचेवर पाणी पातळ, सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. टार, धूळ, तेल असलेल्या काचेवर त्याचे हजारो बारीक थेंब होतात आणि ते प्रकाश विखुरतात. म्हणून ओढणाऱ्याची गाडी त्याच पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या आधी धुकते. पुसलेली काच तपासायची सोपी रीतही हीच: काचेवर तोंडाची वाफ सोडा. वाफ एकसारखी पसरून एकसारखी गेली तर काच स्वच्छ. पट्टे, बोटांचे ठसे, गोल फिरवल्याच्या खुणा दिसल्या तर तिथे अजून थर आहे.

कामठीरोड_कॅब:
कॅब चालवणाऱ्यांसाठी: भाड्याची गाडी हे कायद्यानं सार्वजनिक वाहन आहे, २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली तिच्यात ओढायला बंदी आहे, प्रवाशाला तसं सरळ सांगता येतं. ज्यांच्या गाडीत आधी धूर झालाय त्यांनी मोठी सफाई झाल्यावर पुढचे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा अल्कोहोलची एक हलकी फेरी मारत राहावं, कारण फोममधलं निकोटीन एवढ्या दिवसांत हळूहळू बाहेर येतच असतं. उन्हात गाडी उभी करताना काचा बोटभर खाली ठेवल्या तर बरंचसं बाहेर निघून जातं.

गोकुळपेठ_ताई:
लहान मुलं काचेला तोंड लावतात, बोटं चोखतात. हा थर त्यांना अपायकारक आहे का?

रसायन_सदर:
हो ताई. निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं. शिवाय पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून नायट्रोसामीन नावाची, कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं बनवतं. म्हणून पुसतानाही हातमोजे, आणि मुलं बसतात त्या मागच्या दारांच्या काचा, पॅड आणि बाल-आसनाचे पट्टे सगळ्यांत आधी करा. वास झाकणारे परफ्यूम लावून हे जात नाही.

फुटाळा_पहाट:
वापरलेली कापडं परत वापरायची तर कशी धुवायची? दोनदा धुतली तरी पिवळीच आहेत.

धंतोली_डिटेलिंग:
घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सुती कपड्यांची लव त्यांना चिकटते आणि पुढच्या वेळी ती काचेवर येते. बादलीत ४० अंशांचं पाणी, म्हणजे हाताला कोमट लागेल एवढं, त्यात भांड्याचं लिक्विड एक चमचा, अर्धा तास भिजवा, चोळा, पाणी काढून टाका. हे पाणी स्वच्छ येईपर्यंत परत. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला, साबणाचा अंश निघतो. कंडिशनर कधीच नाही, त्यानं धाग्यावर मेणचट थर येतो आणि कापड शोषायचं थांबतं. सावलीत वाळवा, इस्त्री नको. पिवळटपणा राहिला तरी वाळलेलं कापड कोऱ्या आरशावर फिरवून बघा. आरशावर पुसटसाही पट्टा उठला तर ते कापड टायर आणि रिमसाठी वेगळं काढा, काचेला परत लावू नका.